समीक्षेच्या गद्यातील उभयान्वय

दोन विधानांमधील संबंध वाचकापर्यंत कोण पोहोचवते, हा प्रश्न वरवर पाहता शालेय व्याकरणाचा वाटतो. ‘आणि’, ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘तथापि’ ही उभयान्वयी अव्यये पाठ करून आपण पुढे गेलेलो असतो आणि पुढे त्यांच्याकडे मागे वळून पाहण्याचे कारण पडत नाही. समीक्षेच्या गद्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. समीक्षक कलाकृतीविषयी जी विधाने करतो ती सुटी सुटी पाहिली तर बहुधा वादातीत असतात. वादाची जागा दोन विधानांच्या सांध्यात असते. ‘ही कविता लोकगीताच्या लयीत आहे’ हे एक निरीक्षण. ‘ही कविता महानगरीय जाणिवेची आहे’ हे दुसरे. या दोहोंत ‘तथापि’ घालायचे की ‘म्हणूनच’, हे ठरवताना समीक्षकाची साहित्यविषयक भूमिका उघड होते. आजच्या मराठी समीक्षेत, विशेषतः विद्यापीठीय प्रबंधलेखनात, हा सांधा सैल झाला आहे आणि त्याचे एक कारण इंग्रजी जोडशब्दांच्या अध्यापनात व त्यांच्या मराठी पर्यायांच्या यांत्रिक वापरात सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम व्याकरणपरंपरेचा विचार करू. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठी शब्दांची आठ जातींत विभागणी करण्याची जी पद्धत पुढे शाळांतून रूढ झाली, तिचा साचा इंग्रजी व्याकरणाचा आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाने त्या चौकटीला विपुल उदाहरणांची आणि सूक्ष्म चर्चेची जोड दिली. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) मध्ये या परंपरेची चिकित्सा केली, ती अभ्यासकांना परिचित आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, ‘उभयान्वयी’ हा वर्ग स्वतंत्र शब्दांचा ठरवल्यामुळे वाक्ये जोडण्याचे मराठीतील बरेचसे काम या प्रकरणाच्या बाहेर राहिले. ते काम क्रियापदाच्या रूपांत, शब्दयोगी अव्ययांत आणि ‘च’, ‘ही’, ‘मात्र’ यांसारख्या निपातांत वाटले गेलेले आहे.

‘ऊन’ प्रत्ययाचे पूर्वकालवाचक धातुसाधित घ्यावे. ‘हात धुऊन जेव’ यात क्रम आहे. ‘आजारी पडून त्याने शाळा सोडली’ यात कारण आहे. ‘ती हसून बोलली’ यात रीत आहे. ‘इतके शिकून त्याला नोकरी नाही’ यात विरोध आहे. प्रत्यय एक आणि संबंध चार. या चारही वाक्यांचे इंग्रजी रूपांतर करताना विद्यार्थ्याला ‘आफ्टर’, ‘बिकॉज’, ‘ऑलदो’ यांतून निवड करावी लागते किंवा वाक्यरचनाच बदलावी लागते. मराठीने जे संदर्भावर सोपवले ते इंग्रजी उच्चारून दाखवायला लावते. हे धातुसाधित केवळ मराठीचे नव्हे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाला एक भाषिक क्षेत्र मानून जी समान लक्षणे नोंदवली, त्यांत त्याचा समावेश होतो. ‘म्हणून’ हे आपले कारणवाचक अव्ययही मुळात ‘म्हणणे’ या धातूचे असेच रूप आहे. कन्नडमधील ‘एंदु’ची घडणही बोलण्याच्या क्रियेतूनच झाली आहे. म्हणजे मराठीत कार्यकारणाचा एक प्रमुख सांधा कुणीतरी काहीतरी म्हणण्यातून सिद्ध झाला आहे, ही गोष्ट समीक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘म्हणून’ लिहिताच ‘कोण म्हणतो?’ हा प्रश्न मागोमाग येतो.

दुसरा भेद स्थानाचा आहे. मराठी वाक्य क्रियापदाशी संपते. साहजिकच गौण वाक्याचा जोडशब्दही बहुधा त्याच्या शेवटी, दोन वाक्यांच्या सीमेवर उभा राहतो. ‘पाऊस आला तर जाणार नाही’ या वाक्यात ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत याच्या उलट आरंभीचा ‘इफ’ राहतो आणि ‘देन’ गळतो. मराठीची मूळ प्रकृती जोडीची आहे : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो. म्हणूनच मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहिताना ‘ऑलदो’नंतर ‘बट’ आणि ‘बिकॉज’नंतर ‘सो’ घालतो. शिक्षक त्याला निष्काळजीपणा म्हणतात. खरे पाहता विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम निष्ठेने पाळत असतो. हा नियम त्याला मराठीच्या तासाला कुणी समजावून सांगितलेला नसतो, त्यामुळे इंग्रजीच्या तासाला तो कुठे मोडायचा हेही त्याला उमगत नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. दोन भाषांची अशी तुलना त्यानंतर अधिक निकडीची झाली, पण अध्यापनात ती अपवादानेच दिसते. तिची जागा समानार्थी शब्दांच्या तक्त्याने घेतली : ‘हाऊएव्हर’ म्हणजे ‘तथापि’, ‘मोरओव्हर’ म्हणजे ‘शिवाय’, ‘देअरफोर’ म्हणजे ‘म्हणून’.

या तक्त्यांचे शास्त्रीय समर्थन म्हणून हॅलिडे आणि हसन यांच्या १९७६ मधील संहितासंबद्धतेवरील ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. परंतु त्यांनी संबद्धतेची पाच साधने सांगितली : निर्देश, प्रतियोजन, अध्याहार, संयोजन आणि शब्दसंबंध. जोडशब्द हे या पाचांपैकी एक. उरलेली चार साधने वाक्याच्या पोटात काम करतात आणि त्यांची यादी करून देता येत नाही. म्हणून ती वर्गातून वगळली गेली. परिच्छेदाच्या प्रत्येक वाक्याच्या आरंभी एक जोडशब्द आला की लेखन सुसंबद्ध झाले, अशी समजूत त्यातून रुजली.

हाच तक्ता उलट्या दिशेने मराठीत येतो तेव्हा काय होते? ‘तथापि’ आणि ‘मात्र’ यांची तुलना करून पाहावी. ‘तथापि’ वाक्याच्या आरंभी येऊन संपूर्ण विधानाला विरोधाची खूण लावते. ‘मात्र’ नेमक्या पदाला चिकटते. ‘कादंबरीची भाषा मात्र पारंपरिक आहे’ आणि ‘कादंबरीची भाषा पारंपरिक मात्र आहे’ यांत विरोधाचे लक्ष्य बदलते. पहिल्यात भाषेची तुलना कादंबरीच्या अन्य अंगांशी होते, तर दुसऱ्यात पारंपरिकतेविषयी काही मान्य करून दुसरे काही राखून ठेवले जाते. इंग्रजी ‘हाऊएव्हर’लाही वाक्याच्या मध्ये सरकण्याची मुभा आहे, तक्त्यात ती दिसत नाही. परिणामी मराठी प्रबंधात ‘मात्र’ची सूक्ष्मता मागे पडते आणि ‘तथापि’, ‘किंबहुना’, ‘परिणामतः’ यांची वाक्यारंभी गर्दी होते.

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. ‘ही कविता महानगरीय जाणिवेची आहे. तथापि तिच्यात लोकगीताची लय आहे. त्यामुळे ती वेगळी ठरते.’ उदाहरणादाखल रचलेली ही वाक्ये आपल्याला अपरिचित वाटणार नाहीत. येथील ‘तथापि’ने एक मोठे गृहीतक निमूटपणे आत आणले आहे : महानगर आणि लोकगीत हे परस्परविरोधी आहेत. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास याला अनुकूल नाही. कोकण, देश, घाटमाथा येथून आलेल्या कामगारांनी आपले गाणे बरोबर आणले. अण्णाभाऊ साठे यांची ‘मुंबईची लावणी’ आणि अमर शेख यांची शाहिरी त्या वस्तीतच उभी राहिली. या परंपरेतील कवितेविषयी ‘महानगरीय आहे म्हणूनच तिच्यात लोकगीताची लय आहे’ असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. ‘तथापि’ लिहिणाऱ्या समीक्षकाने शहराविषयीचा एक मध्यमवर्गीय समज कवितेवर लादलेला असतो आणि जोडशब्दाच्या आड तो दिसेनासा होतो. त्यापुढील ‘त्यामुळे’ तर निव्वळ सवयीचे आहे. दोन गोष्टी एकत्र असण्यातून ‘वेगळेपण’ कसे निष्पन्न होते, हे वाचकाला कळत नाही.

ग्रंथनामांतील ‘आणि’ हाही असाच विचार करण्याजोगा आहे. मर्ढेकरांनी १९३७ मध्ये ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) आले. सुधीर रसाळांचे ‘कविता आणि प्रतिमा’ १९८२ चे. या ग्रंथांनी शीर्षकातील दोन पदांमधील नाते शोधण्याचे काम आतील पानांत कष्टाने केले आहे. त्यांच्या मागून आलेल्या असंख्य निबंधांत शीर्षकातले ‘आणि’ तेवढे उरले. त्यांच्या शेजारी नेमाड्यांचे ‘साहित्याची भाषा’ (१९८७) हे शीर्षक ठेवून पाहावे. षष्ठीचा ‘ची’ लेखकाला बांधून घेतो : भाषा साहित्याची आहे ती कोणत्या अर्थाने, याचे उत्तर त्याला द्यावेच लागते. ‘साहित्य आणि भाषा’ म्हटले असते तर ते बंधन पत्करावे लागले नसते.

जोडशब्दांचा हा विचार केवळ ग्रंथव्यवहारापुरता नाही, हे दाखवण्यासाठी विकल्पवाचक अव्ययांचे एक उदाहरण घेतो. इंग्रजी ‘ऑर’ जे एका शब्दात सांगते, त्यासाठी मराठीत ‘की’ आणि ‘किंवा’ आहेत. ‘चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नाला दोहोंपैकी एकाचे नाव हे उत्तर आहे. ‘चहा किंवा कॉफी घेणार?’ याला ‘हो’ किंवा ‘नको’ हे उत्तर चालते. ‘की’ निवड करायला सांगतो, तर ‘किंवा’ पर्याय मांडतो.

पुणे जिल्ह्यात पौडच्या पुढे मुळशी धरणाच्या परिसरात माले हे गाव आहे. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने योजलेल्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले जातात. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. ‘जान’ आणि ‘जमीन’ दोन्ही शब्द फारसी, त्यांना जोडणारा ‘किंवा’ संस्कृत, आणि तिन्ही मिळून अस्सल मावळी मराठी. हिचे इंग्रजी ‘लाइफ ऑर लँड’ असे केले तर ती निवडीची सूचना वाटू लागते, जणू एक ठेवा आणि दुसरे सोडा. मावळ्याच्या तोंडी ती प्रतिज्ञा आहे : जमीन राहणार नसेल तर जान देऊ. या ‘किंवा’च्या पोटात ‘नाहीतर’ दडलेला आहे आणि दोन पदांत अदलाबदल होऊ शकत नाही, हाच तिचा आशय आहे.

समोरच्या पक्षाची भाषा दुसऱ्या जोडशब्दाची होती : ‘जमिनीऐवजी मोबदला’. १८९४ चा भूसंपादन कायदा, जो २०१४ पासून रद्द झाला, या ‘ऐवजी’वरच उभा होता. राजेंद्र व्होरा यांच्या ‘मुळशी सत्याग्रह’ (१९९४) या अभ्यासातून दिसते की, जमिनीवर हक्क सांगणाऱ्या सावकारांचे आणि ती कसणाऱ्या मावळ्यांचे हितसंबंध एक नव्हते. सावकारांचे लक्ष मोबदल्याच्या रकमेवर होते. म्हणजे धरणाला विरोध करणाऱ्यांतही ‘किंवा’ म्हणणारे आणि ‘ऐवजी’ म्हणणारे असे दोन पक्ष होते. आपल्या व्याकरणात ‘किंवा’ उभयान्वयीच्या प्रकरणात येतो, ‘ऐवजी’ शब्दयोगीच्या. दोघांचा संबंध तेथे कुठेच येत नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला मात्र या दोन शब्दांमधील अंतर पुरते ठाऊक होते. लढा १९२४ च्या अखेरीस संपला, धरण झाले आणि ‘ऐवजी’चा व्याकरणविधी अमलात आला.

यावरून इंग्रजीच्या संपर्काने मराठी गद्याची हानीच झाली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी लांब पल्ल्याचा युक्तिवाद मराठीत पेलून दाखवला; त्यामागे इंग्रजी निबंधाचा अभ्यास होता. त्याहीपूर्वी मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठी मुद्रणात आली आणि वाक्यांची सीमा डोळ्यांना दिसू लागली. दुसऱ्या बाजूने, युक्तिवादाचे सांधे मराठीला परक्याकडून घ्यावे लागले, हेही खरे नाही. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’, ‘तरी’, ‘जैसें–तैसें’ यांच्या आधारावर दृष्टांतापासून सिद्धांतापर्यंतची वाट बांधलेली आहे. तेथील ‘म्हणौनि’ येतो तेव्हा त्याआधी दृष्टांताने त्याचे मोल चुकते केलेले असते. लीळाचरित्रातील ‘मग’ केवळ प्रसंगांचा क्रम सांगतो आणि कारण सुचवण्याचा मोह टाळतो. ही शिस्त पदव्युत्तर वर्गात संहितेच्या वाचनातून शिकवता येण्यासारखी आहे.

तेव्हा सूचना व्यावहारिक आहे. प्रबंधिकेच्या कच्च्या मसुद्यातील वाक्यारंभीचे सर्व जोडशब्द एकदा खोडून पाहावेत. जेथे अर्थ कायम राहिला तेथे तो शब्द अलंकार होता. तो परत घेऊ नये. जेथे अर्थ मोडला तेथे कोणता संबंध मोडला, हे एका पूर्ण वाक्यात लिहावे आणि मगच ‘ऊन’ पुरेल, ‘मात्र’ हवा की ‘म्हणूनच’, हे ठरवावे. इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच रीत उपयोगी पडेल, कारण ‘सिन्स’ काळ सांगतो की कारण, ‘व्हाइल’ समकालीनता सांगतो की विरोध, हे प्रश्न तेथेही लेखकानेच सोडवायचे असतात. शोधनिबंधाचे परीक्षण करणाऱ्यांनीही संदर्भांच्या संख्येबरोबर ‘त्यामुळे’ आणि ‘तथापि’ या शब्दांखाली रेघ ओढून, त्यांच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते तपासावे.