‘नोव्हम’ लिहून झालं, पुढे काय? विज्ञानकथेच्या संज्ञा आणि गंगाधरपंतांचे पानिपत



विज्ञानकथेवर संशोधन करायचं ठरवलेल्या मुलामुलींचे सिनॉप्सिस अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर एक यादी असते. हार्ड सायन्स फिक्शन, सायबरपंक, डिस्टोपिया, पर्यायी इतिहास, नोव्हम, कॉग्निटिव्ह एस्ट्रेंजमेंट. प्रत्येकीची दोन ओळींत व्याख्या असते. मग निवडलेल्या कथा एकेका कप्प्यात टाकलेल्या असतात, आणि तिथेच विश्लेषण संपतं.

हसू नका, मीही हेच केलं होतं. एम.एस्सी. करून साहित्याकडे आलेल्या माणसाला वर्गीकरण म्हणजे निम्मं काम झालं असं वाटतंच. माझ्या पहिल्या सादरीकरणानंतर मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘यातला नोव्हम हा शब्द काढून टाकला, तर तुमच्या म्हणण्यातलं काय कमी होईल?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. त्यासाठी आपण एकच कथा घेऊ, तिला चार संज्ञा लावू आणि प्रत्येक संज्ञा काय दाखवते ते बघू.

कथा कोणती?

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. मराठीत वाचली नसेल, तरी अकरावीच्या एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावाने तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचलेली असेल. पुढचे तपशील मी मुख्यतः त्या इंग्रजी पाठावरून देतो आहे, म्हणजे सगळ्यांना पडताळून पाहता येतील.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, पण फक्त मुंबईत. बाकी देश कधी गुलाम झालाच नाही. पंत ग्रंथालयात जाऊन स्वतःचाच इतिहासग्रंथ उघडतात आणि उत्तर शोधतात. त्या जगात 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठे जिंकले, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी त्यांना चाटून गेली. संध्याकाळी पंत आझाद मैदानावरच्या एका सभेत घुसतात, तिथे त्यांचे पार हाल होतात आणि ते आपल्या जगात परत येतात. शेवटी राजेंद्र देशपांडे नावाचे शास्त्रज्ञ मित्र त्यांना या प्रकाराचं स्पष्टीकरण देतात.

पहिली संज्ञा: पर्यायी इतिहास

इतिहासाने एखाद्या क्षणी वेगळं वळण घेतलं असतं तर काय झालं असतं, हा या उपप्रकाराचा मूळ प्रश्न. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए यांनी 1876 मध्येच ‘युक्रोनी’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे कल्पना जुनी आहे. वळणाच्या त्या क्षणाला आपण विचलनबिंदू म्हणू.

इथे विचलनबिंदू सापडायला सोपा आहे, ती गोळी. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये एवढंच लिहिलेलं असतं. पण संज्ञा नीट वापरायची तर पुढचा प्रश्न विचारायला हवा. विचलनबिंदू आणि आजचं जग यांच्यामध्ये लेखकाने काय भरलं आहे?

बघा काय भरलंय ते. जिंकल्यावर पेशवे युरोपातलं तंत्रज्ञान ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रं उभारतात आणि कंपनीची मदत स्वावलंबी होण्यापुरतीच घेतात. विसाव्या शतकात त्यांची सत्ताही मागे पडते आणि लोकांनी निवडलेली मंडळं येतात. म्हणजे लढाई जिंकणं हे फक्त दार उघडणं झालं. देश घडतो तो प्रयोगशाळांमुळे आणि लोकशाहीमुळे. ‘पानिपत जिंकलो असतो तर’ हे आपल्याकडचं घरोघरचं स्वप्न. नारळीकर ते पुरवतात आणि पुरवता पुरवता त्याचा विषय बदलतात. ‘कथा पर्यायी इतिहासाची आहे’ या वाक्यातून हे कळत नाही. दोन टोकांमधली साखळी तपासल्यावरच कळतं.

दुसरी संज्ञा: हार्ड सायन्स फिक्शन

1957 मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात परीक्षणं लिहिणाऱ्या पी. शायलर मिलर यांनी हा शब्द वापरला आणि तो रुळला. ज्या कथेत विज्ञानाचे नियम कथानकाला बांधून ठेवतात, ती हार्ड, असा ढोबळ अर्थ. मराठीत मात्र एक गंमत होते. लेखक नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते, म्हणून त्यांची कथा हार्ड असणार असं आपण धरून चालतो. संज्ञा कथेची आहे, लेखकाच्या पदवीची नाही.

आता शेवटचं स्पष्टीकरण तपासू. राजेंद्र दोन गोष्टी जोडतात. एक, गणितज्ञ रने थॉम यांच्याशी जोडली जाणारी कॅटॅस्ट्रोफी थिअरी. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी हळूहळू दाबत गेलं की ती एका क्षणी फटकन एका बाजूला वाकते. लहान आणि सलग बदलातून अचानक मोठी उडी कशी येते, त्याचं हे गणित. दोन, क्वांटम सिद्धांतातली अनिश्चितता आणि शक्यतेगणिक वेगळी जगं असण्याची कल्पना, जिचं मूळ ह्यू एव्हरेट यांच्या 1957 च्या मांडणीत आहे.

आणि इथे एक मजेदार अडचण आहे. इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे नक्की सांगता येत नाही, हे पटवताना राजेंद्र उलट उदाहरण देतात ते बंदुकीच्या गोळीचं. दिशा आणि वेग माहीत असेल, तर गोळी कुठे पोहोचेल हे सांगता येतं, असं ते म्हणतात. पण पंतांची दोन जगं वेगळी झाली आहेत ती गोळीमुळेच ना? ज्या वस्तूला राजेंद्र निश्चित म्हणतात, तिच्यावरच कथेची सगळी अनिश्चितता उभी आहे. शिवाय कॅटॅस्ट्रोफी थिअरीचं गणित तुमच्यासमोर दुसरं जग उभं करत नाही, ते एकाच जगातली उडी समजावतं. कथा ही दोन वेगळी यंत्रं एकाच पट्ट्यावर चालवते.

म्हणून हार्डच्या मापाने मोजली तर कथा तिच्या स्पष्टीकरणातच सैल आहे, असं मला स्पष्ट म्हणावं लागेल. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून पहिल्या वाचनात मी इथेच थांबलो होतो आणि कथेला नापास करून मोकळा झालो होतो.

तिसरी संज्ञा: नोव्हम

डार्को सुविन या अभ्यासकांनी 1979 च्या ‘मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन’ या ग्रंथात ही संज्ञा मध्यवर्ती केली. मूळ शब्द त्यांनी अर्न्स्ट ब्लॉख या तत्त्वज्ञाकडून घेतला. आपल्या नेहमीच्या जगात नसलेली, पण तर्काने समजून घेता येईल अशी एक नवी गोष्ट कथेत येते आणि कथेचं सगळं जग तिच्याभोवती फिरून बसतं. ती नवी गोष्ट म्हणजे नोव्हम. लक्षात घ्या, नोव्हम म्हणजे यंत्र किंवा गॅजेट नव्हे. कथेत रोबो आहे, पण तो काढून घरगडी ठेवला तरी काहीच बदलत नसेल, तर तो रोबो नोव्हम नाही.

मग या कथेत नोव्हम कोणतं? समांतर विश्व, असं उत्तर पटकन येतं. काढून बघू. पंत स्वप्नात तिकडे गेले असं केलं तर काय जाईल? मुंबई राहील, कंपनी राहील, आझाद मैदान राहील. जाईल ती एकच वस्तू, पंतांच्या खिशात परत आलेलं बखरीचं फाटकं पान. त्यावर गोळी चाटून गेल्याचं लिहिलेलं आहे आणि आपल्या जगातल्या प्रतीत मात्र गोळी लागल्याचं. इतिहासकाराच्या हातात एकाच साधनाची दोन परस्परविरोधी पानं, दोन्ही अस्सल! माझ्या मते कथेतलं नोव्हम हे आहे. एका जगापुरता पुरावा म्हणजे काय, हा प्रश्न त्या पानामुळे उभा राहतो.

फिलिप के. डिक यांच्या 1962 च्या ‘द मॅन इन द हाय कासल’ मध्येही कादंबरीच्या आत एक पुस्तक आहे, जे वेगळाच इतिहास सांगतं. पण तिथे ते कल्पित लेखन म्हणून फिरतं. इथे तो संशोधकाचा पुरावा आहे. हा फरक लहान नाही.

आता मागचा निकाल पुन्हा उघडावा लागतो. कार्ल फ्रीडमन यांनी 2000 साली सुविन यांच्या व्याख्येत एक दुरुस्ती सुचवली. कथेतलं विज्ञान बाहेरच्या जगात खरं ठरतं का, यापेक्षा कथा स्वतः त्या विज्ञानाकडे किती तर्काने बघते हे महत्त्वाचं, असं ते म्हणतात. या दृष्टीने पाहिलं तर राजेंद्र पंतांची गोष्ट आधी भ्रम म्हणून बाजूला ठेवायला तयार असतात आणि पान पाहिल्यावर मत बदलतात, हे कथेचं बळ ठरतं. पुराव्यापुढे मत बदलणारा शास्त्रज्ञ! स्पष्टीकरण सैल असलं, तरी वृत्ती पक्की वैज्ञानिक आहे.

म्हणजे हार्ड म्हणतं नापास आणि फ्रीडमन म्हणतात पास. दोघांपैकी एकाला गप्प बसवू नका. तुमचा संशोधनप्रश्न नेमका या भांडणात असतो.

चौथी संज्ञा: अपरिचितीकरण

सुविन यांची कॉग्निटिव्ह एस्ट्रेंजमेंट ती हीच. परिचित गोष्ट इतकी परकी करून दाखवायची, की ती पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटावी, आणि हे तर्काच्या आधाराने करायचं. यामागे रशियन रूपवादी श्क्लोव्स्की आणि नाटककार ब्रेख्त यांचा विचार आहे.

या कथेत सर्वांत परकं काय वाटतं? मला विचाराल तर खुर्ची. त्या जगात व्याख्यानाला अध्यक्ष नेमण्याची प्रथाच बंद झालेली आहे. आयुष्यभर सभांची अध्यक्षपदं भूषवलेले पंत मंचावरची रिकामी खुर्ची बघून अस्वस्थ होतात, जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि लोक त्यांच्यावर अंडी-टोमॅटो फेकतात. हार-तुरे, अध्यक्षीय समारोप, वेळेअभावी दोन शब्द, हे सगळं आपल्याला इतकं सवयीचं की ते दिसतच नाही. स्वतंत्र बुद्धीच्या समाजाला अध्यक्ष कशाला लागतो, हा प्रश्न कथा एका रिकाम्या खुर्चीतून विचारते. पानिपतच्या विजयापेक्षा हा घाव खोल आहे.

इथे सुविन यांची संज्ञा मात्र थोडी अपुरी पडते. मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणजे धुव्वा उडणे. मराठे पानिपत जिंकले, त्या जगात गंगाधरपंतांचं पानिपत झालं! शीर्षकातच हा खेळ आहे. ‘द ॲडव्हेंचर’ मध्ये तो उरत नाही. ज्या जगात ती लढाई जिंकली, तिथे हा वाक्प्रचार जन्मालाच आला नसता. म्हणजे अपरिचितीकरण इथे भाषेतही घडतं, आणि ते मराठी वाचकालाच कळतं. बाहेरून आलेली संज्ञा वापरताना अशी जागा सापडली, की ती तळटीपेत ढकलू नका. तुमच्या प्रबंधात तुमचं स्वतःचं असं जे काही असेल, ते बहुधा अशाच जागी सापडेल.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

यादी ठेवा, हरकत नाही. पण प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्येनंतर एक वाक्य असं लिहा, जे त्या संज्ञेशिवाय तुम्हाला सुचलंच नसतं. सुचत नसेल तर संज्ञा काढून टाका. तिच्यावाचून काही अडत नाही.

सरावासाठी नारळीकरांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. तिथे माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो. आपल्या शरीरातली प्रथिनं आणि आपण पचवतो ती साखर यांच्या रेणूंनाही डावं-उजवं असतं. मग उलट्या झालेल्या माणसाला आपलं जेवण पचेल का? कथा या प्रश्नापर्यंत जाते का, नसेल तर का जात नाही, आणि त्याने नोव्हम कमकुवत होतं की नाही, हे एका पानात लिहून बघा. त्या पानात ‘नोव्हम’ हा शब्द एकदाच वापरायची परवानगी आहे.

भेटू पुढच्या लेखात.