मुक्तविश्वाचे व्हिडिओ गेम आणि विस्मयाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

कथन, पात्र, अवकाश आणि काल या घटकांची मांडणी ज्या कलाप्रकारात होते, त्याची केवळ करमणूक म्हणून बोळवण करणे समीक्षेला परवडणारे नाही. व्हिडिओ गेम हा असाच एक प्रकार आहे. त्यातील 'ओपन वर्ल्ड' या नावाने ओळखला जाणारा, म्हणजेच मुक्तविश्वाचा, खेळ प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या खेळात खेळाडूसमोर एक सलग भूप्रदेश उभा केलेला असतो. कोठे जायचे, कोणते काम आधी हाती घ्यायचे, कथा पुढे न्यायची की नुसते भटकायचे, हे खेळाडूने स्वतः ठरवायचे असते. ठरावीक क्रमाने टप्पे पार करायला लावणाऱ्या खेळांहून हा प्रकार याच बाबतीत वेगळा ठरतो.

या प्रकाराचा ताजेपणा ओसरला आहे, अशी तक्रार गेली काही वर्षे सातत्याने केली जाते. तिची दोन कारणे प्रायः सांगितली जातात. पहिले कारण 'नव्याचे नऊ दिवस' या न्यायाचे : कोणताही प्रकार कालांतराने जुना होतोच. दुसरे कारण विस्ताराचे : जग जितके मोठे, तितकी त्यातील पुनरावृत्ती अधिक. या दोन्ही कारणांत तथ्य असले, तरी ती पुरेशी नाहीत. स्थळाचा अनुभव येण्यापूर्वीच स्थळाचे ज्ञान खेळाडूच्या हाती ठेवले जाते, तेव्हा ताजेपणा हरवतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मुक्तविश्वाची जडणघडण

या प्रकाराची मुळे १९८० च्या दशकात सापडतात. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या 'एलिट' (१९८४) या खेळात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला होत्या. संगणकाची स्मृती तुटपुंजी असल्याने हे विश्व गणिती सूत्रांतून निर्माण केले जाई. १९८६ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'द लिजेंड ऑफ झेल्डा' आला. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी बालपणी गावाभोवतीच्या रानात आणि गुहांत केलेल्या भटकंतीला या खेळाच्या प्रेरणेचे श्रेय दिले आहे. पुढे 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' (२००१) या खेळाने त्रिमितीय महानगर उभे केले आणि या प्रकाराला व्यापक लोकप्रियता लाभली.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने 'मॉरोविंड' (२००२) हा खेळ विशेष महत्त्वाचा आहे. त्यात एखाद्या ठिकाणी जायचे असल्यास तेथील पात्रे वाट सांगत : अमुक रस्त्याने जा, पूल ओलांड, पुढे टेकडीपाशी वळ. हे सांगणे खेळाडूच्या रोजनिशीत नोंदले जाई. ते वाचायचे, भोवतालचा प्रदेश न्याहाळायचा, चुकायचे आणि पुन्हा शोधायचे, असा तो क्रम होता. याच मालिकेतील पुढच्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये पडद्यावर होकायंत्राची पट्टी आली आणि तिच्यावर गंतव्यस्थानाचे चिन्ह दिसू लागले. सोय निश्चितच वाढली. मात्र वाट विचारण्याची गरज संपली, आणि तिच्याबरोबर वाट निरखून पाहण्याचीही.

नकाशाचे वर्चस्व

'असॅसिन्स क्रीड' (२००७) या युबिसॉफ्ट कंपनीच्या खेळात तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातील जेरुसलेम, दमास्कस आणि एकर ही नगरे आहेत. खेळाडू उंच मनोऱ्यावर चढतो, तेव्हा सभोवतालचे नगर त्याला दिसते आणि त्याच क्षणी नकाशाचा तो भाग उघडून त्यावर चिन्हे उमटतात. प्रथम अनुभवात ही चढाई रोमांचक वाटते, कारण डोळ्यांनी पाहिलेले आणि नकाशावर आलेले यांचा तेथे मेळ बसतो. पुढे ही युक्ती रूढ झाली. 'फार क्राय ३' (२०१२) मध्ये मनोऱ्यांची जागा रेडिओच्या खांबांनी घेतली. 'द विचर ३' (२०१५) मध्ये नकाशा प्रश्नचिन्हांनी व्यापला. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात तर ती दाट पसरलेली आहेत आणि त्यांतील बहुतेकांखाली चोरट्या मालाचे साठे असतात.

याच 'विचर'मध्ये मद्यपी, पत्नीला मारहाण करणारा आणि नंतर पश्चात्तापाने पोळलेला 'ब्लडी बॅरन' हा सरदार भेटतो. त्याची कथा खेळाडूंच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. समुद्रातील पेट्या मात्र कंटाळवाण्या म्हणूनच आठवल्या जातात. एकाच खेळात हे दोन्ही अनुभव संभवतात, याचा अर्थ दोष मुक्तविश्वाच्या संकल्पनेत नसून तिच्या एका विशिष्ट वापरात आहे.

रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये अपरिचितीकरणाचा सिद्धान्त मांडला. सवयीमुळे माणूस वस्तू पाहत नाही, ती केवळ ओळखतो. कला ही ओळख लांबवते आणि पाहणे पुन्हा शक्य करते, असा त्याचा आशय आहे. नकाशावरील चिन्ह याच्या नेमके उलट कार्य करते. शत्रूची छावणी दृष्टीस पडण्यापूर्वीच 'छावणी' म्हणून ओळखली गेलेली असते. तिच्याकडे जाणे हा मग शोध राहत नाही; यादीतील एक नोंद खोडण्याचे ते काम होते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हा मानला आहे. ज्याची आगाऊ वर्दी मिळाली आहे, त्याने विस्मय जागा होणे कठीण असते.

विस्तार, पुनरावृत्ती आणि ज्ञानाचा क्रम

प्रारंभी नमूद केलेली दोन कारणे आता तपासून पाहता येतील. 'नो मॅन्स स्काय' (२०१६) या खेळात २ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे १८ वर १८ शून्ये, इतके ग्रह सूत्रांच्या आधारे निर्माण होतात. बहुतेक ग्रह पूर्वी कोणी पाहिलेले नसतात. तरीही प्रकाशनाच्या वेळी या खेळावर एकसुरीपणाचा आक्षेप घेतला गेला. काही ग्रह पाहिल्यावर सूत्र लक्षात येते आणि पुढचा ग्रह उतरण्याआधीच ओळखीचा होतो. संख्येने नवे असणे म्हणजे ताजे असणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

उलट बाजूने 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) पाहावा. त्यात १२० देवळीवजा कोडी आणि कोरोक नावाच्या ९०० वनदेवता आहेत. पुनरावृत्ती हाच निकष असेल, तर हा खेळ सर्वांत कंटाळवाणा ठरावयास हवा होता. तसे घडले नाही. येथेही मनोरे आहेत. पण त्यांवर चढल्याने नकाशावर केवळ डोंगर, नद्या आणि स्थळनावे येतात. काय पाहण्याजोगे आहे, हे खेळाडूने दुर्बिणीतून न्याहाळून स्वतः ठरवायचे आणि स्वतःच खूण करायची. एखादा दगड विनाकारण एकटा पडलेला दिसला, तर तो उचलून पाहावा, ही सवय डोळ्यांना हळूहळू लागते. पुनरावृत्ती तेथे पाहण्याची तालीम होते.

'एल्डन रिंग' (२०२२) हे याहून बोलके उदाहरण आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालील या खेळात कामांची यादीच नाही. आरंभीच्या प्रदेशातील पूर्वेकडच्या रानात एक साधी वास्तू लागते. आतल्या पाळण्यावर उभे राहिले, की तो खाली उतरू लागतो आणि बराच वेळ उतरतच राहतो. शेवटी जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसते. कोणत्याही आदेशाविना खेळाडू येथे पोहोचू शकतो आणि न पोहोचताही खेळ पूर्ण करू शकतो. त्याच खेळातील भूमिगत दफनस्थळे आणि पुन्हापुन्हा येणारे प्रतिस्पर्धी मात्र उत्तरार्धात कंटाळा आणतात, हेही मान्य करावे लागते. त्यांची रचना दार उघडण्यापूर्वीच पाठ झालेली असते. गुण आणि दोष दोन्ही एकाच तत्त्वाने स्पष्ट होतात.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हे तत्त्व टोकाला नेतो. मोजक्या ग्रहांचे छोटे विश्व, २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट आणि पुन्हा आरंभ, अशी त्याची रचना आहे. खेळाडूला शस्त्र किंवा शक्ती मिळत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत केवळ उमगलेले ज्ञान बरोबर येते. त्यामुळेच हा खेळ पहिल्या नवलाईने दुसऱ्यांदा खेळता येत नाही. विस्मयाची ही किंमत त्याने पत्करलेली आहे.

आक्षेपांचा विचार

चिन्हांकित नकाशाच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडता येतात. दिवसभर काम करून तासभर खेळणाऱ्या माणसाला वाट चुकण्याची चैन परवडत नाही. तसेच काही खेळाडूंना शारीरिक मर्यादांमुळे स्पष्ट मार्गदर्शनाची गरज असते. शिवाय सवयीच्या, विनासायास कामातही एक विश्रांती असते. हे तिन्ही मुद्दे रास्त आहेत. परंतु विश्रांतीचा आनंद आणि शोधाचा आनंद भिन्न आहेत, आणि शोधाचे आश्वासन देणाऱ्या प्रकाराचे मूल्यमापन शोधाच्या निकषावर करणे क्रमप्राप्त ठरते.

निर्मात्यांनाही या अडचणीची जाणीव असल्याचे दिसते. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये चिन्हाऐवजी स्थळाचे वर्णन वाचून जागा शोधण्याचा पर्याय आहे. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) मध्ये बाणाची जागा वाऱ्याने घेतली. गवत ज्या दिशेने झुकते, तिकडे जायचे. त्यामुळे खेळाडूची नजर पडद्याच्या कोपऱ्यातून निसर्गाकडे वळली, ही जमेची बाजू आहे. तथापि, वारा कोठे नेणार हे ठरलेले असते आणि तेथील देवस्थाने व गरम पाण्याचे झरे लवकरच ओळखीचे होतात. चिन्हाचे रूप बदलल्याने प्रश्न अंशतःच सुटतो.

याच्या मुळाशी निर्मितीचे अर्थकारण आहे. अशा खेळांवर शेकडो माणसे अनेक वर्षे, कित्येकदा वेगवेगळ्या शहरांतून, काम करतात. काम वाटून द्यायचे, तर जगाचे स्वतंत्रपणे घडवता आणि मोजता येतील असे तुकडे करावे लागतात : छावणी, मनोरा, पेटी. नकाशावरील चिन्हे या श्रमविभागणीचीच छाया होत. शिवाय, खर्च करून घडवलेली वस्तू खेळाडूच्या नजरेतून सुटली, तर तो खर्च वाया गेला असे हिशेब सांगतो. म्हणून खेळाडूला हात धरून सर्वत्र नेले जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की मुक्तविश्वाचा प्रकार शिळा झालेला नाही. 'एलिट'नंतर तीन दशकांहून अधिक काळाने आलेल्या खेळांनीही विस्मय जागवला आहे. बदलला आहे तो निर्माता आणि खेळाडू यांच्यातील विश्वास. खेळाडूने पाहावे, चुकावे आणि काही गोष्टी त्याच्याकडून राहूनही जाव्यात, एवढी जोखीम जेथे स्वीकारली जाते, तेथे हा प्रकार ताजा राहतो. जेथे ती टाळली जाते, तेथे विस्तीर्ण प्रदेशही कामांची यादी होऊन बसतो.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक निकष हाती लागतो. एखादे विश्व किती मोठे आहे, त्यात किती कामे आहेत, या प्रश्नांनी फारसे साधत नाही. त्यातील स्थळाचे ज्ञान खेळाडूला कोणत्या क्षणी आणि कोणाच्या प्रयत्नाने मिळते, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. मुक्तविश्वात खेळाडूला खरोखर किती स्वातंत्र्य आहे, हे त्याच्या उत्तरावरून ठरवता येते.