भाकड गाय आणि संप्रेरके : सात दिवसांच्या पद्धतीची चिकित्सा

गाभण न राहता गाय दुभती होऊ शकते, हे १९७३ साली ओहायोतील वूस्टर येथे स्मिथ व शानबाकर यांनी अवघ्या सात दिवसांच्या उपचाराने दाखवून दिले. शरीरभाराच्या दर किलोग्रॅममागे रोज ०.१ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल व ०.२५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरोन दोन वेळांत विभागून टोचावयाचे आणि सुमारे तिसऱ्या आठवड्यात धार काढण्यास आरंभ करावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप होय. पूर्वी याच कार्यासाठी महिनोन्‌महिने टोचणी करावी लागे. गाभणपणाच्या अखेरीस कासेला मिळणाऱ्या संदेशाचे स्वरूप या प्रयोगाने पुष्कळ स्पष्ट झाले. त्याचे हे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे.

परंतु गोपालनाची रीत म्हणून तिचा विचार करू लागताच ‘यश’ हा शब्द अडचणीचा ठरतो. किती दूध दिले म्हणजे गाय यशस्वी मानावयाची, याची मर्यादा निरनिराळ्या प्रयोगांत निरनिराळी आहे. उपचारास दाद न देणाऱ्या गाई सरासरीतून वगळल्या की उरलेल्यांचा आकडा साहजिकच फुगतो. गोठ्यातील खर्च मात्र सर्वच गाईंवर झालेला असतो. दाद देणाऱ्या गाईंचे दूधही नैसर्गिक वेताच्या मानाने बहुधा कमीच भरते. शिवाय उपचाराच्या काळात गाय सतत माजावर राहते, इतर जनावरांवर चढते, घसरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्वचेखाली बसवून जे प्रयोग झाले, त्यांत कटिबंधाची हाडे मोडल्याची उदाहरणे नोंदली गेली होती. अशा इजा सरासरी दुधाच्या कोष्टकात दिसत नाहीत.

गाईगाईंतील हा फरक कमी करण्यासाठी १९७७ साली कॉलियर, बाउमन व हेज यांनी रेसर्पिनची जोड दिली. सर्पगंधेपासून १९५२ साली वेगळे केलेले हे द्रव्य डोपामाइनचा साठा घटविते. त्यामुळे पोष ग्रंथीवरील अटकाव सैल होऊन प्रोलॅक्टिन वाढते. युक्ती चतुर खरी, पण मनुष्याच्या रक्तदाबावरील औषध दुभत्या जनावरास देताना दुधात काय उतरते हा प्रश्न तिने वाढविला, सोडविला नाही.

आपल्याकडील चर्चेत याहून मोठा घोटाळा आहे. दूध उत्पन्न करणे आणि पान्हा सोडविणे या दोन भिन्न क्रिया असता ‘संप्रेरकाचे दूध’ या एकाच नावाखाली त्या सर्रास घातल्या जातात. ऑक्सिटोसिन दूध निर्माण करीत नाही. कासेत आधीच साठलेले दूध ते सडांकडे ढकलते. पान्हा चोरणाऱ्या गाईसाठी ‘फुका’ करण्याच्या क्रूर चालीस १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने बंदी केली, ती या दुसऱ्या क्रियेसंबंधी होय. पशूंमधील दुरुपयोगाचे कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये खाजगी कारखान्यांना देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन तयार करण्यास मनाई केली. तीच अधिसूचना दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द ठरविली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्याचे हे प्रमुख औषध आहे, हे लक्षात घेता शब्दांची ही ढिलाई केवळ भाषेचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

सात दिवसांच्या पद्धतीचा अमेरिकी हिशेबही जसाच्या तसा इकडे लागू होत नाही. तिकडे गाभण न राहणारी गाय खाटकाकडे जाते. म्हणून उपचारातून मिळणाऱ्या दुधाची तुलना तिच्या मांसाच्या किमतीशी आणि नव्या कालवडीच्या खर्चाशी होते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी असून २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही ती लागू झाली. भाकड गाय विकून मोकळे होण्याचा तो मार्ग येथील शेतकऱ्यापुढे नाही. त्यामुळे निकृष्ट वेतही त्यास लाभाचे वाटण्याचा संभव आहे, आणि तेच वेत आटल्यावर पुन्हा टोचणी करण्याचा मोहही. उपचारानंतर काही गाई गाभण राहतात असा अनुभव आहे; दुधाच्या आकड्यापेक्षा येथे त्या बाबीची नोंद अधिक काळजीने व्हावयास हवी होती. उपलब्ध निबंधांत ती बहुधा शेवटच्या दोन ओळींत आटोपलेली आढळते.