प्रकाशाची दिशा : औंधची सूर्योपासना आणि नाताळची रात्र

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसार, आणि पं. श्री. दा. सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने पारडीस जाण्यापूर्वी तेथूनच केलेले वैदिक ग्रंथांचे प्रकाशन, यांमुळे औंधचे नाव सूर्योपासनेशी निगडित झाले. या उपासनेत सूर्य आपल्या स्थानी असतो. उपासक त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. बृहदारण्यकोपनिषदातील सुप्रसिद्ध प्रार्थनेतही तमाकडून ज्योतीकडे जाणारा तो माणूसच होय. मराठीतील ‘प्रकाश’ हा शब्द या संस्काराने घडलेला आहे. नाताळच्या कथेचा अर्थ लावताना तो जसा साहाय्यक, तसाच अडसरही ठरतो.

लूकच्या शुभवर्तमानात जन्मवार्ता मिळते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. मत्तयाच्या कथेतील मागी ताऱ्याच्या खुणेने येतात हे खरे. परंतु तारा आधी उगवतो, यात्रा मागाहून सुरू होते. येथे प्रकाशच अंधारात उतरतो. शिवाय त्याच्या येण्याने रात्र संपत नाही. हेरोदाने बेथलेहेमातील बालकांची केलेली हत्या मत्तयाने याच कथेला जोडून सांगितली आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखनाने मात्र उदयाचे रूपक पसंत केले. १८४२ साली अहमदनगरास निघालेले ‘ज्ञानोदय’ आणि बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ ही नावेच याची साक्ष देतात. उदय म्हटला की रात्र सरली असे गृहीत धरले जाते, आणि अंधार म्हणजे मागे टाकलेले अज्ञान, असा अर्थ रूढ होतो. धर्मांतराच्या आत्मकथेस हे रूपक शोभते. ते ख्रिस्ती परंपरेस परकेही नव्हे. मलाखीच्या ग्रंथातील सूर्याची उपमा ख्रिस्तास पूर्वापार लाविली गेली आहे. तथापि नाताळच्या अर्थास ते अपुरे पडते.

ही उणीव योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी स्पष्ट होते. अंधाराने प्रकाशाचे काय केले नाही, हे सांगणाऱ्या तेथील ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ संभवतात : समजून घेणे आणि पकडून नामोहरम करणे. बहुतेक भाषांतरकारांना यांपैकी एक निवडावा लागतो. मराठीत ही अडचण तितकीशी नाही. जुन्या मराठीतील ‘आकळणे’ म्हणजे जाणणे, तसेच ताब्यात घेणे. ‘ग्रहण’ हा शब्दही असाच आहे : विद्यार्थी ज्ञानाचे करतो ते ग्रहण, आणि सूर्याला लागते तेही ग्रहणच. अंधाराला हा प्रकाश आकळला नाही, असे म्हणताच दोन्ही अर्थ एकत्र उभे राहतात : अंधार अद्याप आहे, त्याला प्रकाशाचे मर्म कळलेले नाही, आणि त्याला गिळताही आलेले नाही.

यावरून दोन श्रद्धांची श्रेष्ठकनिष्ठता ठरविणे अप्रस्तुत होय. सूर्योपासना माणसाच्या निष्ठेवर आणि नित्यनेमावर भर देते. नाताळची कथा ज्याला उठून पूर्वेकडे वळण्याचेही बळ उरलेले नाही, त्याचा विचार करते. मराठी समीक्षेने ‘प्रकाश’ या एकाच शब्दाखाली या दोन दिशा पुसून टाकू नयेत. त्या वेगळ्या राखण्याचे सामर्थ्य मराठी भाषेत पूर्वीपासूनच आहे.