कौल, कडबोळे आणि करार : आघाडी-शासनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

निवडणुका, बहुमत आणि मंत्रिमंडळे ह्यांचा अभ्यास राज्यशास्त्राने करावा व साहित्याच्या अभ्यासकाने कथा-कादंबऱ्यांपुरते पाहावे, अशी विभागणी आपल्याकडे रूढ आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. निवडणुकीचा निकाल आकड्यांत लागतो, परंतु तो समाजाला कळतो शब्दांत. आणि शब्दांची निवड हा चिकित्सेचाच प्रांत आहे. लोकसभेच्या निवडणुकीतून अनेक पक्षांचे संयुक्त सरकार आकाराला येते, तेव्हा मराठी भाषा त्याला कोणत्या नावांनी ओळखते आणि त्या नावांमुळे आपल्या आकलनाला कोणती मर्यादा पडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विवेचनासाठी १९९६ ची निवडणूक मध्यवर्ती धरली आहे. अकराव्या लोकसभेत भारतीय जनता पक्षाला १६१ आणि काँग्रेसला १४० जागा मिळाल्या. मतांचे प्रमाण मात्र उलट होते : काँग्रेसला सुमारे २९ टक्के, तर भाजपला सुमारे २० टक्के. १६ मे रोजी अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले आणि २८ मे रोजी, विश्वासदर्शक ठरावावर मतदान होण्यापूर्वीच, त्यांनी राजीनामा दिला. १ जून रोजी एच. डी. देवेगौडा ह्यांनी संयुक्त आघाडीचे नेते म्हणून शपथ घेतली. ह्या आघाडीत तेरा पक्ष होते आणि काँग्रेसचा तिला बाहेरून पाठिंबा होता. एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडांच्या जागी इंद्रकुमार गुजराल आले. १९९८ च्या आरंभी देश पुन्हा मतदान केंद्रांसमोर उभा राहिला. अशा निकालाचे वर्णन करताना आपण म्हणतो, लोकसभा ‘त्रिशंकू’ झाली. त्रिशंकू हा स्वर्गातून ढकलला गेलेला आणि पृथ्वीवर न पोहोचलेला राजा. म्हणजे एकपक्षीय बहुमत हा स्वर्ग, आणि अन्य कोणतीही स्थिती ही अधांतरी शिक्षा, असा निवाडा त्या एका विशेषणातच देऊन झालेला असतो.

आघाडी-शासनासंबंधीचे आपले शब्द प्रामुख्याने तीन ठिकाणांहून आलेले दिसतात. पहिले ठिकाण स्वयंपाकघर. ‘कडबोळे’ आणि ‘खिचडी’ हे शब्द वापरले की टीका करण्याचे श्रम वाचतात. हिणवणूक शब्दातच असते. गंमत अशी, की मूळ पदार्थाकडे पाहिले तर ही उपमा फिरते. कडबोळ्याची भाजणी अनेक धान्यांची असते. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे लागते, प्रमाण चुकले तर कडबोळे तळताना फुटते. अनेकांच्या मिश्रणातून टिकाऊ काही घडविण्यासाठी लागणारे कौशल्य ह्या पदार्थात आहे. राजकीय लेखनाने त्यातील कौशल्य वगळले आणि वेडावाकडा आकार तेवढा उचलला.

दुसरे ठिकाण घर आणि विवाहसंस्था. ‘सोयरीक’, ‘घरोबा’, ‘संसार’, ‘रुसवेफुगवे’, ‘काडीमोड’, ‘मोठा भाऊ-धाकटा भाऊ’ ही सारी पदावली कौटुंबिक आहे. तिच्यामुळे पक्षांमधील धोरणाचा मतभेद हा स्वभावाचा मतभेद ठरतो आणि पाठिंबा काढून घेण्याची राजकीय कृती नात्यातील प्रतारणा बनते. तिसरे ठिकाण रणभूमी. ‘आघाडी’ म्हणजे सैन्याची पुढची फळी, ‘पिछाडी’च्या उलट. ‘मोर्चा’ही तेथलाच. येथे निदान हेतूची एकता गृहीत आहे. तथापि ती शत्रू समोर असेपर्यंतची. लढाई संपल्यावर एकत्र राज्य कसे करावयाचे, ह्याविषयी हा शब्द मौन पाळतो.

‘युती’ हा शब्द ह्या तिन्ही गटांबाहेरचा, आणि अधिक सूक्ष्म. तो ज्योतिषातून परिचित आहे. दोन ग्रहांची युती होते तेव्हा ते पाहणाऱ्याला निकट दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्या कक्षेत फिरत असतो. पक्षांच्या सहकार्याचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या शब्दाने क्वचितच होईल. पण मराठीत ‘युती’ आणि ‘आघाडी’ ह्या संकल्पना म्हणून फार काळ टिकल्या नाहीत. त्या छावण्यांच्या पाट्या झाल्या. १९९५ साली महाराष्ट्रात सत्तेवर आलेली शिवसेना-भाजपची ती युती, आणि १९९९ पासूनची काँग्रेस-राष्ट्रवादीची ती आघाडी. पुढे ‘महायुती’ आणि ‘महाविकास आघाडी’ ही नावे आली तेव्हा हे वाटप पक्के झाले. मात्र दिल्लीच्या संदर्भात तोच मराठी वाचक ‘राष्ट्रीय लोकशाही आघाडी’ आणि ‘संयुक्त पुरोगामी आघाडी’ असे वाचतो. एकच पक्ष मुंबईत युतीत आणि दिल्लीत आघाडीत असतो, आणि ह्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. कारण शब्दांनी विचार करणे थांबलेले असते.

मराठीच्या सीमेबाहेर अध्यापन करताना हा प्रश्न अधिक ठळक होतो. हिंदीतील ‘गठबंधन’ लग्नात वधूवरांच्या वस्त्रांना मारलेल्या गाठीची आठवण करून देते. मल्याळममधील ‘मुन्नणी’ हा आपल्या ‘आघाडी’चा जवळचा सोबती, पण केरळात सत्तेची अदलाबदल दीर्घकाळ दोन आघाड्यांमध्येच होत आल्यामुळे त्या शब्दाला अपवादाचा वास राहिलेला नाही. कन्नडमध्ये संयुक्त शासनाला सर्रास ‘मैत्री सरकार’ म्हणतात. बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षे राज्य केले. तेथे आघाडी म्हणजे अस्थैर्य हे समीकरण मांडणेच अशक्य. अर्थात महाराष्ट्रालाही सन्मान्य अनुभव नव्हता असे नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती ही परस्परविरोधी विचारांच्या पक्षांची एकजूट होती. तिला आपण कडबोळे म्हणत नाही. हेतू पटला की मिश्रणाला ‘समिती’ म्हणावयाचे आणि न पटला की ‘खिचडी’, हा परिभाषेतील पक्षपात येथे उघड होतो.

आपली राजकीय कादंबरीही ह्या परिभाषेला पर्याय देऊ शकली नाही. अरुण साधू ह्यांची ‘सिंहासन’ ही ह्या प्रकारातील मानदंड ठरलेली कृती. तिच्यातील संघर्ष एका खुर्चीभोवती फिरतो. मुख्यमंत्री आणि त्याचा प्रतिस्पर्धी अर्थमंत्री एकाच सत्तारूढ पक्षातले आहेत. एकपक्षीय वर्चस्वाच्या काळाचे हे अचूक रूप होय. पण जेथे सत्तेचे केंद्र एका खुर्चीत नसून तेरा पक्षांनी मान्य केलेल्या मसुद्यात असते, तेथे हा घाट अपुरा पडतो. कटकारस्थानाला कथानक मिळते, वाटाघाटीला मिळत नाही, हा केवळ लेखकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वाटाघाट हीदेखील एक नाट्यपूर्ण क्रिया आहे, हे सांगणारी भाषाच आपण घडविली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर ‘कौल’ हा जुना शब्द पुन्हा तपासण्याजोगा आहे. निवडणुकीच्या निकालाला आपण ‘जनादेश’ म्हणतो आणि ‘जनतेचा कौल’ असेही म्हणतो. दोन्ही समानार्थी मानले जातात. ते तसे नाहीत. आदेश एका मुखातून येतो, तो निःसंदिग्ध असतो आणि त्याचे पालन करावयाचे असते. परंतु आजवरच्या एकाही लोकसभा निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला निम्मी मते मिळालेली नाहीत. १९८४ साली काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, तेव्हाही नाहीत. २०१४ साली भाजपने २८२ जागा जिंकल्या त्या सुमारे ३१ टक्के मतांवर. म्हणजे जनता एकमुखी बोलली असे मानणे हा जागांच्या हिशेबातून निर्माण होणारा आभास आहे. आघाडीचे शासन त्या आभासाचा भंग करते, म्हणून ते खटकते.

कौलाचे तसे नाही. कोकणात देवाच्या मूर्तीला फुले, कळे किंवा तांदूळ लावून कौल मागतात. कोणत्या बाजूचे आधी पडते त्यावरून उत्तर कळते, आणि त्याचा अर्थ गुरव सांगतो. उत्तर उलगडले नाही तर कौल पुन्हा लावतात. १९९६, १९९८ आणि १९९९ ह्या लागोपाठच्या तीन निवडणुकांना ह्याहून समर्पक रूपक मिळणे कठीण. अर्थ लावण्याची जबाबदारी राज्यघटनेने राष्ट्रपतींवर टाकली आहे, आणि तेथेही दोन रीती दिसल्या. शंकरदयाळ शर्मा ह्यांनी १९९६ साली सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला पाचारण केले; के. आर. नारायणन् ह्यांनी १९९८ साली आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. दोन्ही वेळा बहुमत कोणत्याच पक्षाकडे नव्हते, तरी वाचनाच्या पद्धती भिन्न होत्या. ‘जनादेश’ ह्या शब्दात अर्थनिर्णयाचा हा टप्पाच नाहीसा होतो.

कौलाचा दुसरा अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. अरबीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ वचन. मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल किंवा कौलनामा म्हणजे सरकारने रयतेला दिलेले लेखी अभिवचन. उजाड गाव पुन्हा वसावे, पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून कौल दिला जाई. आरंभीच्या वर्षांत सारा किती कमी, पुढे तो कसा चढणार, हे त्यात नमूद असे. लोकशाहीने ह्या व्यवहाराची दिशा उलटी केली. पूर्वी सरकार रयतेला कौल देई, आता रयत सरकारला देते. तरी व्यवहाराचे स्वरूप तेच राहते : दोन बाजू, अटी, मुदत. ह्या दृष्टीने पाहता आघाडीचा ‘किमान समान कार्यक्रम’ हा कौलनाम्याचा आधुनिक अवतार ठरतो, आणि त्याचे वाचन साहित्याच्या अभ्यासकाने करावयास हवे.

हे वाचन कसे करावे? प्रथम, मसुद्यातील मौने वाचावीत. १९९८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमपत्रिकेत राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे भाजपचे तीन आग्रहाचे विषय नव्हते. त्या मसुद्याचा अर्थ त्यातील वाक्यांइतकाच ह्या अनुपस्थितीत होता. दुसरे, वचन आणि कृती ह्यांतील अंतर मोजावे. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या; डाव्या पक्षांच्या सुमारे साठ सदस्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले. त्या आघाडीच्या समान कार्यक्रमात वर्षाला किमान १०० दिवसांच्या रोजगाराची हमी होती. ह्या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रात आहे, वि. स. पागे ह्यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार दिला होता. पण कार्यक्रमातील वचन ग्रामीण कुटुंबांबरोबर शहरी गरीब आणि निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांनाही होते. २००५ चा कायदा ग्रामीण भागापुरताच झाला. शहरी गरिबाला दिलेला शब्द वाटेत गळून पडला, आणि आपल्या परिभाषेत त्याला नाव नव्हते. कोणताही पक्ष बाहेर पडला नाही, म्हणून ‘काडीमोड’ झाला नाही. कोणी रुसले नाही, म्हणून बातमी झाली नाही. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा मात्र कौटुंबिक कलहाचा शब्दसंग्रह तत्परतेने हजर झाला.

आघाड्यांविषयीची तुच्छता सर्वस्वी निराधार होती, असे सुचवावयाचे नाही. १९७९ साली चरणसिंग ह्यांचे सरकार लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. १९९१ साली चंद्रशेखर आणि १९९७ साली देवेगौडा व गुजराल ह्यांचीही राजवट काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्याअभावी संपली. ‘बाहेरून पाठिंबा’ हा वाक्प्रचारच तपासून पाहावा : सत्तेचे नियंत्रण आत आणि उत्तरदायित्व बाहेर, अशी ती सोय आहे. हे दोष गंभीर आहेत. पण ते दोष नेमके सांगण्यासाठी खिचडी आणि कडबोळे निरुपयोगी आहेत. कोणते वचन कोणी, कोणत्या मुदतीत, कोणाला दिले आणि कोणत्या कलमाशी फारकत घेतली, हे विचारणारी टीका अधिक कठोर असते. स्वयंपाकघरातील उपमा तिच्यापासून सत्ताधाऱ्यांना वाचवितात.

२०२४ च्या निवडणुकीत भाजपला २४० जागा मिळाल्या. बहुमतासाठी २७२ लागतात. राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या मिळून २९३ झाल्या. दहा वर्षांनंतर केंद्रातील सरकार पुन्हा मित्रपक्षांच्या संख्याबळावर अवलंबून झाले, तेव्हा ‘कुबड्या’ हा शरीरव्यंगावर बेतलेला शब्द पुन्हा हाताशी आला. ह्या वेळी मित्रपक्षांनी कोणत्या लेखी अटींवर साथ दिली, हा प्रश्न त्या शब्दाच्या आड राहिला. अट, कलम, मुदत, कबुली, फारकत हे शब्द मराठीच्या जुन्या दप्तरांत आहेत. त्यांच्यामागे लेखी व्यवहाराची शतकानुशतकांची शिस्त आहे. आघाडी-शासनाची चिकित्सा त्या शब्दांत केली गेली, तर शहरी गरिबाला दिलेला आणि मोडलेला शब्द निदान नोंदला तरी जाईल.