आधी चाचपणी, मग बांधणी

नांदेडला टर्बो सीवर चालणारा प्रोग्रॅम लातूरच्या लिनक्स संगणकावर नेला की अडतो, कारण ‘कोनिओ.एच’ ही फाइल तिथे सहसा नसते. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणातही ती नाही. विद्यार्थी मात्र आपलीच चूक शोधत बसतो. म्हणूनच डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली सुरू केलेले ‘ऑटोकॉन्फ’ आम्हांला मोलाचे वाटते. त्याची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट कंपायलर, लायब्ररी असेलच असे धरून चालत नाही. छोटासा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते. हा प्रयोगच झाला! उणीव एवढीच, की पडद्यावर ती त्रोटक ‘नाही’ म्हणते. सविस्तर कारण ‘कॉन्फिग.लॉग’ फाइलमध्ये राहते. शिक्षकांनी ही फाइल विद्यार्थ्यांकडून जरूर वाचून घ्यावी.