उशिरा पोचलेल्याची साक्ष

फास्ट रेडिओ बर्स्ट म्हणजे दूरच्या आकाशातून आलेला मिलिसेकंदांचा रेडिओ झोत. तो टिपला की इतर दुर्बिणी तिकडे वळतात. मग वाचायला मिळतं, 'प्रकाशात काही दिसलं नाही.' आमचा आक्षेप आहे तो यातून 'नव्हतंच' असं समजण्याला. लोणावळ्याच्या घाटात वीज चमकल्यावर मान वळवली आणि काळोख दिसला, तर वीज नव्हतीच का? भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे प्रमाण मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी.

28 एप्रिल 2020 चं उदाहरण घ्या. आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारचा रेडिओ झोत कॅनडाच्या चाइमने टिपला आणि सोबतचे क्ष-किरणही सापडले. का? उपग्रह आधीपासूनच तिकडे पाहत होते. आपल्या जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीलाही एफआरबी 20180916बी चे झोत मिळाले. हा स्रोत साधारण 16 दिवसांच्या चक्राने जागा होतो, म्हणजे वाट पाहता येते.

तेव्हा मागे रेंगाळणाऱ्या उजेडासाठी जरूर धावावं. पण क्षणाबद्दल 'नव्हता' म्हणायचं, तर त्या क्षणी डोळे उघडे हवेत.